अहिल्याबाई होळकर यांचें राजकारण : अनुबोधपट व अस्सल कागद

चौंडी येथें इ. स. १७२५ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्या जन्मास इ. स. २०२५ सालीं तीनशें वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें व्याख्यानें झालीं, चरित्रें छापलीं गेलीं, आणि चलच्चित्राच्या द्वारें त्यांचें चरित्र लोकांपुढें मांडावें अशी इच्छा ठिकठिकाणीं उत्पन्न झाली. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत ही इच्छा विशेष प्रबळ असावी हें स्वाभाविकच होय. औंढा येथील नागनाथाच्या देवालयाचा जीर्णोद्धार बाईंनीं केला अशी परंपरा येथें आबालवृद्धांच्या तोंडीं आहे, व या भागांतील हटकर-धनगर समाज त्यांस आपल्या कुळाचें भूषण मानितो. तेव्हां जिल्ह्यांतील उत्साही तरुण हातीं यंत्र घेऊन असा पट तयार करूं लागले, तर त्यांस साधनें कोणतीं द्यावीं, हा प्रश्न आज ना उद्यां जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाच्या दारीं येणार आहे. त्या प्रश्नाचा ऊहापोह करावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अनुबोधपट आणि कल्पित कथेचा चित्रपट यांत भेद आहे. चित्रपटांतील अहिल्याबाई ही कोणी नटी आहे हें प्रेक्षक जाणून असतो, व कवीस जेवढी मोकळीक द्यावी तेवढी तो चित्रपटकर्त्यास देतो. अनुबोधपटाचें तसें नाहीं. त्यांत देवालय दिसतें, घाट दिसतो, मोडी अक्षरांचा कागद क्षणभर झळकतो आणि पाठीमागून गंभीर वाणी ऐकूं येते. यामुळें पाहणारा जें ऐकतो तें प्रमाण समजून घरीं नेतो. एकदां मनांत ठसलेलें चित्र पुढें दहा अस्सल पत्रांनींही पुसत नाहीं. म्हणून अनुबोधपट करणाऱ्यावर जबाबदारी येते ती साधनग्रंथाच्या संपादकावर असते तीच, त्याहून रतिभरही कमी नाहीं.

१. बाईंच्या अधिकाराचें अपूर्वत्व

पुण्यश्लोक, देवी, साध्वी हीं विशेषणें अहिल्याबाईंच्या नांवामागें इतकीं घट्ट बसलीं आहेत कीं, त्या अठ्ठावीस वर्षें राज्य चालविणाऱ्या राजकारणी स्त्री होत्या ही गोष्ट मागें पडते. मराठ्यांच्या इतिहासांत राज्यकारभार पाहिलेल्या स्त्रिया त्यांच्यापूर्वींही झाल्या. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर इ. स. १७०० पासून १७०७ पर्यंत ताराबाईंनीं औरंगजेबाशीं झुंज चालविली. इ. स. १७३१ मध्यें डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर उमाबाईंनीं सेनापतींची दौलत सांभाळली. परंतु या दोघींच्याही अधिकाराचा आधार गादीवर किंवा पदावर बसलेला अल्पवयी पुत्र हा होता. पुत्राच्या नांवानें मातेनें कारभार करावा ही रीत सर्वमान्य होती.

अहिल्याबाईंची स्थिति याहून निराळी होती. पति खंडेराव इ. स. १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत पडले. श्वशुर मल्हारराव २० मे १७६६ रोजीं आलमपूर येथें निवर्तले. एकुलता एक पुत्र मालेराव १७६७ मध्यें वारला. यानंतर ज्याच्या नांवानें राज्य करावें असें मूल घरांत उरलें नाहीं, आणि दत्तक घेण्याची सूचना बाईंनीं मानिली नाहीं. तरीही १३ ऑगस्ट १७९५ रोजीं देह ठेवीपर्यंत माळव्याच्या कारभाराचीं सूत्रें त्यांच्याच हातीं राहिलीं. त्याच काळांत रशियांत दुसरी कॅथराइन (१७६२ ते १७९६) आणि ऑस्ट्रियांत मरिया थेरेसा (१७८० पर्यंत) राज्य करीत होत्या, पण त्यांच्या मस्तकीं मुकुट होता. बाईंस मुकुटही नव्हता आणि सरदारीचीं वस्त्रेंही नव्हतीं, कारण तीं तुकोजी होळकरांस मिळालीं. मग अधिकार कशावर उभा होता? तो पेशव्यांच्या संमतीवर, खासगीच्या सनदेवर, खजिन्यावरील ताब्यावर आणि पत्रव्यवहारांतील दक्षतेवर उभा होता. यांतील प्रत्येक गोष्ट कागदांत आहे. याचमुळें त्यांचें चरित्र कागद बाजूस सारून सांगूं गेल्यास प्रथम त्यांचें राजकारणच नाहींसें होतें, व केवळ पूजा आणि दानधर्म शिल्लक राहतो.

२. साधनांची प्रतवारी

कोणतीं साधनें किती विश्वसनीय, हें पटकर्त्यांसाठीं येथें क्रमानें मांडितों.

पहिल्या प्रतीचीं साधनें म्हणजे समकालीन पत्रें. मल्हाररावांनीं सुनेस लिहिलेलीं, बाईंनीं पेशव्यांस व तुकोजींस लिहिलेलीं, आणि पेशव्यांचीं त्यांस आलेलीं पत्रें यांत येतात. महेश्वरीं राहणाऱ्या पुणें दरबारच्या मंडळींनीं धाडलेलीं वृत्तें दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं ‘महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें’ या नांवानें प्रसिद्ध केलीं. वासुदेव वामन ठाकूर यांनीं इंदुराहून ‘होळकरशाहीच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध केलीं. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं इ. स. १९३० ते १९३४ या काळांत निघालेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड सर्वांस ठाऊकच आहेत. राघोबादादांस माळव्यांत बोलावणाऱ्या गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या घराण्याचें दफ्तरही छापलें गेलें आहे, तें अवश्य पाहावें. प्रतिपक्षाचा कागद वाचल्यावांचून कोणत्याही तंट्याचा निवाडा करूं नये.

दुसऱ्या प्रतीचीं साधनें म्हणजे जमाखर्च, वर्षासनांच्या याद्या व सनदा. हीं वाचावयास रुक्ष, परंतु यांत अतिशयोक्तीस वाव थोडा. तिसरीं साधनें म्हणजे शिक्के, नाणीं व शिलालेख. बाईंच्या काळच्या महेश्वरच्या रुपयावर बादशहा शाहआलम याचें नांव असून त्यासोबत शिवलिंग व बिल्वपत्र हीं चिन्हें आहेत. दिल्लीचें नाममात्र सार्वभौमत्व आणि होळकरांची शिवनिष्ठा हीं दोन्ही एकाच नाण्यावर कशीं नांदत होतीं, हें दाखविण्यास पटकर्त्यास याहून चांगलें दृश्य मिळणार नाहीं.

चौथ्या प्रतींत कैफियती व बखरी येतात. सर जॉन माल्कम याचा मध्यहिंदुस्थानविषयक ग्रंथ इ. स. १८२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यानें बाईंच्या मृत्यूनंतर तीस वर्षांच्या आंत, त्यांस पाहिलेल्या माणसांकडून माहिती जमविली, म्हणून त्याच्या लेखनास मोल आहे. तथापि तो परका अधिकारी होता आणि भाविकांनीं जें सांगितलें तें त्यानें आदरानें टिपलें, हेंही ध्यानीं ठेवावें. जोआना बेली या कवयित्रीनें बाईंवर रचलेलें इंग्रजी काव्य १८४९ सालीं निघालें, त्याचा उगमही माल्कमच आहे. इंग्रजी ग्रंथांतील बाईंच्या वर्णनाचा माग काढीत गेलें असतां पुष्कळदां आपण या एकाच झऱ्यापाशीं येऊन पोंचतों. दहा ग्रंथांनीं एक गोष्ट सांगितली म्हणजे दहा साक्षी झाल्या असें समजणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

शेवटीं लोककथा. त्या टाकाऊ नव्हेत. त्या लोकांच्या श्रद्धेचा पुरावा आहेत, घटनेचा नव्हेत, एवढाच विवेक हवा.

नांवाविषयींही एक शब्द. संस्कृत रूप ‘अहल्या’ असें आहे, आणि त्यांच्या नांवाशीं जोडलेला धर्मशास्त्रनिबंध ‘अहल्याकामधेनु’ हा तेंच रूप धारण करितो. मराठी व्यवहारांत ‘अहिल्या’ हें रूप रूढ आहे. मराठी पत्रांतील रूप संस्कृताच्या आग्रहानें सुधारूं नये, व संस्कृत ग्रंथाचें नांव मराठीच्या संवयीनें बिघडवूं नये.

३. तीन लोकप्रिय प्रसंग

बाईंच्या चरित्रांतील तीन प्रसंग चित्रास विशेष सोयीचे म्हणून पटकर्त्यांस मोह घालितात. त्यांची परीक्षा करूं.

पहिला प्रसंग रथाचा. मालेरावांच्या रथाखालीं वासरूं सांपडून मेलें, गाय रस्त्यांत बसून राहिली, तें पाहून बाईंनीं पुत्रास त्याच रथाखालीं चिरडण्याची आज्ञा केली, आणि गाईनेंच आडवें येऊन त्यास वांचविलें, अशी ही कथा आहे. इंदुरांतील आडा बाजार हें नांव यावरूनच पडलें असें सांगतात. परंतु हीच कथा तामिळ देशांत मनुनीति चोळाविषयीं सांगतात, आणि सिंहलद्वीपाच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथांत ती एळार राजाविषयीं आली आहे. तो ग्रंथ बाईंच्या जन्माच्या हजाराहून अधिक वर्षें आधींचा. न्यायी राजाचें लक्षण सांगणारी ही फिरती कथा आहे, व प्रजेस जो राज्यकर्ता न्यायी वाटला त्याच्या नांवास ती चिकटली. यावरून बाईंच्या न्यायाची कीर्ति सिद्ध होते, रथाची घटना सिद्ध होत नाहीं. उलट पुत्राच्या मृत्यूंत मातेचा हात होता असा जो प्रवाद इंग्रज अधिकाऱ्यांच्या कानीं आला होता, त्याचा तपास करून माल्कमनें तो खोटा ठरविला आहे. मालेरावांचा अंत आजारानें झाला. रथाची कथा भोळेपणानें रंगवितांना आपण एका जुन्या निंदेस नवें वस्त्र नेसवीत नाहीं ना, हें पटकर्त्यानें पाहावें.

दुसरा प्रसंग राघोबादादांच्या स्वारीचा. मालेरावांच्या मृत्यूनंतर चंद्रचूडांच्या सूचनेवरून रघुनाथराव होळकरांची दौलत हस्तगत करण्यास सिद्ध झाले. तेव्हां बाईंनीं स्त्रियांची फौज उभारली, आणि ‘मी हरलें तर त्यांत नवल नाहीं, पण आपण बायकांकडून हरलां तर तोंड कोठें दाखवाल’ अशा अर्थाचा निरोप पाठविला, ही गोष्ट शाळेंतील मुलांस देखील ठाऊक आहे. ती ऐकावयास गोड आहे खरी. परंतु तिच्यामुळें खरें राजकारण झांकलें जातें. बाईंनीं शिंदे, भोंसले, गायकवाड या सरदारांकडे पत्रें धाडून त्यांस आपल्या बाजूस वळविलें. तुकोजींस आपल्या पक्षांत बांधून घेतलें. आणि माधवराव पेशव्यांकडे सरळ दाद मागून, चुलत्याच्या उद्योगास पुतण्याची संमति नाहीं हें उघड करविलें. माधवरावांनीं दौलत होळकरांकडेच ठेविली व तुकोजींस सरदारीचीं वस्त्रें दिलीं. एका निरोपानें दादासाहेब लाजून परतले, ही झाली कथा. अल्प अवधींत चहूंकडे पत्रें लिहून प्रतिपक्षास एकाकी पाडलें, हा झाला इतिहास.

तिसरा प्रसंग तुळशीपत्राचा. मल्हाररावांच्या खजिन्यावर बाईंनीं तुळशीपत्र ठेवून तो धर्मास अर्पण केला असें सांगतात. यांत श्रद्धेचा भाग असेल, परंतु त्यामागें कायदेशीर पाया होता तो क्वचितच सांगितला जातो. बाजीराव पेशव्यांनीं इ. स. १७३४ मध्यें मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीची जहागीर स्वतंत्र करून दिली होती. दौलतीचें उत्पन्न फौजेसाठीं व खासगीचें उत्पन्न घराण्यांतील स्त्रीसाठीं अशी ही विभागणी होती. गौतमाबाई १७६१ मध्यें वारल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ येथील खर्च या खासगींतून झाला. धर्मादायाची ही व्यवस्था इतकी पक्की होती कीं, इ. स. १९४८ मध्यें होळकरांचें राज्य विलीन झाल्यावरही ती लोपली नाहीं, व १९६२ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र न्यास स्थापन झाला. तुळशीपत्राचें दृश्य घ्यावयाचें तर घ्यावें, पण त्याच्या शेजारीं १७३४ च्या सनदेस जागा द्यावी.

४. कागदांतून दिसणारें राजकारण

पटांतील मुख्य भाग ज्या गोष्टींनीं भरावा त्या आतां सांगतों.

इ. स. १७६५ मध्यें मल्हारराव गोहदच्या मोहिमेंत असतां त्यांनीं सुनेस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावें, तोफखाना जवळ बाळगावा, दारूगोळ्याची तरतूद करावी अशा सूचना आहेत. मल्हाररावांच्या हयातींतच बाई केवळ देवघरांत बसलेल्या नव्हत्या हें या एका कागदानें स्पष्ट होतें. राज्यकारभार त्यांच्यावर १७६७ मध्यें आकाशांतून कोसळला नाहीं, त्याचें शिक्षण आधींच झालें होतें.

दुसरी गोष्ट तुकोजींच्या शिक्क्याची. तुकोजी हे मल्हाररावांचे पुत्र नव्हते, व वयानें ते बाईंहून वडील होते. तरी त्यांनीं बाईंस मातोश्री म्हणावें आणि आपल्या शिक्क्यांत मल्हाररावांचा पुत्र असें म्हणवावें, अशी योजना झाली. बारकाईनें पाहिलें तर या दोन शब्दांत सर्व राज्यघटना आहे. सरदार हा पुत्र ठरला कीं बाई माता ठरतात, आणि मातेची आज्ञा पुत्रानें मानणें हा धर्म होय. पदावर नसलेल्या स्त्रीस पदस्थ पुरुषावर अधिकार देण्यासाठीं नात्याचा असा उपयोग करणें, ही मोठ्या धूर्त बुद्धीची साक्ष आहे. बाईंच्या राज्यांत हुकमावर श्रीशंकराच्या नांवाचा निर्देश होई, त्याचाही अर्थ असाच लावितां येतो. राज्य शंकराचें असें म्हटल्यावर तें बाईंचें कीं तुकोजींचें हा वाद उघडपणें घालण्यास जागाच उरत नाहीं.

तिसरी गोष्ट द्रव्याची. फौज तुकोजींजवळ व खजिना महेश्वरीं, यामुळें पैशाची मागणी आणि हिशेबाची विचारणा हा वाद जन्मभर चालला. महेश्वरच्या बातमीपत्रांत या कुरबुरी वारंवार येतात. महादजी शिंद्यांचें उत्तरेंत वर्चस्व वाढत गेलें, होळकरांचा वांटा हा तंट्याचा विषय झाला, आणि त्याचा शेवट १७९३ मध्यें लाखेरी येथें शिंदे-होळकरांच्या प्रत्यक्ष युद्धांत होऊन होळकरांची फौज मोडली. येथें बाईंची सर्वच इच्छा सफल झाली असें म्हणतां येत नाहीं. ज्या योजनेनें त्यांचा अधिकार टिकला, तींतच फौज एकाकडे व द्रव्य दुसऱ्याकडे हा दोष होता, व तो शेवटपर्यंत निघाला नाहीं. हें सांगितल्यानें बाईंचें मोठेपण कमी होत नाहीं, त्या कोणत्या अडचणींत राज्य करीत होत्या हें मात्र कळतें.

चौथी गोष्ट दंडाची. इ. स. १७८७ मध्यें लालसोटच्या प्रसंगानंतर शिंद्यांचा जोर ओसरलासा पाहून रामपुऱ्याच्या चंद्रावत रजपुतांनीं बंड केलें. बाईंनीं फौज धाडून तें निर्धारानें मोडलें. त्यांची केवळ करुणामूर्ति रेखाटणाऱ्यांच्या पटांत हा प्रसंग सहसा येत नाहीं. दया आणि दंड हीं दोन्ही राजधर्माचीं अंगें आहेत हें आपल्या शास्त्रकारांनींच सांगून ठेविलें आहे.

५. औंढ्याचें उदाहरण

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. औंढ्याचें देवालय पाहणाऱ्यास त्याचे दोन काळ उघड दिसतात. खालचा भाग काळ्या दगडाचा, देवदेवता व सुरसुंदरी यांच्या शिल्पांनीं भरलेला, यादवकालीन वळणाचा आहे. वरचा भाग व शिखर मागाहून बांधलेलें, निराळ्या घडणीचें आहे. जुनें शिखर औरंगजेबाच्या काळीं पाडलें गेलें आणि नवें अहिल्याबाईंनीं बांधविलें, अशी परंपरा आहे. दगड एवढेंच सांगतो कीं, मोडतोड व पुनर्बांधणी झाली. बांधणाराचें नांव दगडाच्या घडणीवरून कळत नसतें. त्यासाठीं खासगीच्या जमाखर्चाची नोंद, पुजाऱ्यांकडील सनद, वर्षासनाची यादी किंवा लेख यांची जोड लागते. पटकर्त्यानें येथें ‘परंपरा असें सांगते’ हे तीन शब्द उच्चारावे. तेवढ्यानें भक्तांचा अवमान होत नाहीं आणि सत्याची मर्यादा राहते.

परंतु या परंपरेंत राजकारणाचा जो भाग आहे तो कोणी दाखवीत नाहीं. औंढें त्या काळीं निजामाच्या मुलुखांत होतें. गया कंपनी सरकारच्या अंमलाखालीं होती, प्रभासपाटण जुनागडच्या नबाबाच्या टापूंत होतें, आणि तेथें बाईंनीं १७८३ मध्यें सोमनाथाचें नवें देवालय उभारविलें. गयेचें विष्णुपद देवालय १७८७ चें. म्हणजे बाईंच्या धर्मकार्याचा मोठा भाग परराज्यांत झाला. परक्याच्या भूमींत पैसा पाठविणें, गवंडी व गुमास्ते ठेवणें, तेथील अंमलदाराची संमति मिळविणें, व पुढें वर्षानुवर्षें पूजेची नेमणूक चालू ठेवणें, हें वकील, हुंडी आणि पत्रव्यवहार यांवांचून होत नाहीं. निजाम आणि मराठे यांच्यांत १७६३ च्या राक्षसभुवनानंतर १७९५ च्या खर्ड्यापर्यंत मोठी लढाई झाली नाहीं, उलट टिपूविरुद्ध दोघे एकत्र लढले. ही शांतता लक्षांत घेतली म्हणजे निजामाच्या प्रांतांत असें काम होऊं शकलें असतें हें समजतें. देवालयाचें शिखर दाखवितांना हा तहनाम्यांचा पायाही दाखविला, तर तो पट इतर पटांहून निराळा होईल.

६. संग्राहकांस विनंति

पटकर्ते आपल्याकडे येतील तेव्हां आपली तयारी असावी. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव, औंढा या तालुक्यांतील देशमुख, देशपांडे, पुजारी व नाईक यांच्या घरीं मोडी रुमाल अद्याप आहेत. त्यांस हात लावण्यापूर्वीं कांहीं गोष्टी ध्यानीं घ्याव्या.

पहिली गोष्ट कालगणनेची. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन असतो. त्यांत ५९९ मिळविले असतां तें वर्ष ज्या इसवी सनांत सुरू झालें तो सन येतो. निजामाच्या अंमलांत फसली चालत असे, त्यांत ५९० मिळवावे लागतात. दोन्ही सनांचे आंकडे त्या काळीं सारखेच दिसतात, येथेंच घात होतो. कागदावर ‘सन ११७७’ असें असेल, तर शुहूर मानल्यास तो १७७६-७७ चा ठरतो आणि फसली मानल्यास १७६७-६८ चा. नऊ वर्षांचा हा फरक क्षुल्लक नव्हे. दुसऱ्या गणनेनें तो कागद बाईंच्या कारभाराच्या आरंभाचा होतो, पहिल्या गणनेनें माधवराव पेशव्यांच्या मृत्यूनंतरचा होतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ अशा अरबी शब्दांनीं सन लिहिला असेल तर तो बहुधा शुहूर समजावा. नुसता आंकडा असेल तर तिथि, वार आणि कागदांतील माणसें यांवरून पारख करावी. आमचा जिल्हा दोन्ही अंमलांच्या सरमिसळीचा, म्हणून येथें ही सावधगिरी दुप्पट हवी.

दुसरी गोष्ट महिन्याची. दक्षिणेंत महिना अमावास्येस संपतो, माळव्यांत पौर्णिमेस. म्हणून बाईंची पुण्यतिथि आपण श्रावण वद्य चतुर्दशी म्हणतों, इंदुरास भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणतात. दिवस एकच आहे. माळव्यांतील कागदाची वद्यपक्षांतील मिति वाचतांना हें न पाहिल्यास एका महिन्याची चूक होते.

तिसरी गोष्ट, रुमाल फोडूं नये. ज्या क्रमानें कागद बांधलेले आहेत तो क्रम हाही पुरावाच असतो. प्रथम यादी करावी, प्रत्येक कागदावर नव्हे तर त्याच्या वेष्टनावर अंक घालावा, आणि मग छायाचित्र घ्यावें. छायाचित्रांत कागदाची पाठ, शिक्का, मोर्तब व कडा आल्या पाहिजेत. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, तिचा गोंद कांहीं वर्षांनीं पिवळा पडून अक्षरें खातो. पटकर्त्यास मूळ कागद देऊं नये, छायाचित्र द्यावें, आणि कागद कोणत्या संग्रहांतील, कोणत्या मितीचा, हें पटांत लिहून दाखविण्याची अट घालावी.

चौथी गोष्ट, बाईंच्या तोंडीं घातलेल्या बाणेदार वाक्यांविषयीं. इंग्रजांविषयींचें, न्यायाविषयींचें, प्रजेविषयींचें असें एखादें वाक्य कोणी घेऊन आल्यास मूळ मोडी पत्र, त्याची मिति व दफ्तर हीं तीन विचारावीं. ज्याचीं हीं तीन्ही मिळतील तें पटांत घ्यावें, ज्याचीं मिळणार नाहींत तें भाषणास सोडून द्यावें.

ही विनंति करण्याचें कारण उघड आहे. औंढ्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय करणारी एखादी वर्षासनाची यादी जर कोठें उरली असेल, तर ती अशाच एखाद्या माळ्यावर, वाळवीच्या शेजारीं असेल. त्रिशताब्दीचा उत्साह थोड्या वर्षांत ओसरेल, पण त्या उत्साहानें जितके रुमाल उघडले जातील तितके वांचतील. यास्तव ज्यांच्या घरीं असे कागद आहेत त्यांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं निदान त्यांची यादी करून ती आपल्या मंडळाकडे पाठवावी. वाचन पुढें होईल, त्यास मोडी जाणणारीं माणसें अद्याप आहेत. यादीवर कागदाचा आकार, पहिली ओळ, शेवटची ओळ आणि सन एवढें असलें तरी पुरे.